प्लुटोच्या झाडातले दोन पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळ जवळ आला की एका सात मिनिटांच्या कार्टूनची हमखास आठवण निघते. वॉल्ट डिस्ने स्टुडिओचं ‘प्लुटोज ख्रिसमस ट्री’. दिग्दर्शक जॅक हॅना, संगीत जोसेफ डुबिन यांचं. २१ नोव्हेंबर १९५२ रोजी ते अमेरिकेत पडद्यावर आलं. मिकी आणि त्याचा कुत्रा प्लुटो नाताळचं झाड आणायला रानात जातात. प्लुटोला वाकुल्या दाखवणारे चिप आणि डेल पळत जाऊन एका झाडात लपतात. मिकी नेमकं तेच झाड तोडतो आणि घरी आणतो. गोष्ट एवढीच.

आपल्याकडे चिप आणि डेलला सर्रास खारी म्हणतात. ते आहेत चिपमंक. खारीच्याच कुळातले, पण वेगळे. आपल्या अंगणातल्या खारीच्या पाठीवर पट्टे असतात, चेहरा मात्र साधा असतो. चिपमंकच्या गालांवरही पट्टे असतात. शिवाय त्याच्या गालांत पिशव्या असतात, त्यांत दाणे भरून तो बिळाकडे नेतो. अमेरिकेतले बहुतेक चिपमंक कडाक्याच्या थंडीत बिळात झोपून असतात आणि अधूनमधून उठून साठवलेलं खातात. म्हणजे बर्फात बागडणारी ही जोडी निसर्गाच्या नियमात बसत नाही. तरी साठवायची हाव आणि गाल फुगवणं अस्सल चिपमंकचंच आहे.

दोघांना ओळखायचं असेल तर नाक बघा. चिपचं नाक लहान आणि काळं, डेलचं मोठं आणि लाल. चिपचे पुढचे दात मधोमध जुळलेले, डेलच्या दातांत फट. चिप विचार करतो, डेल आधी हात घालतो. पडद्यावर दोघं कितीही वेगानं पळाले तरी कोण कुठला हे लगेच कळावं, यासाठी हे फरक आहेत. नावं सुचली ती थॉमस चिपेंडेल या अठराव्या शतकातल्या इंग्रज फर्निचर कारागिरावरून. १९४३च्या ‘प्रायव्हेट प्लुटो’त ही जोडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा त्यांना नावंच नव्हती.

आता झाड सजतं आणि कार्टून खरं रंगात येतं. मिकीला जी शोभेची वस्तू आहे ती या दोघांना चक्क घर वाटते. चकचकीत गोळे, दिवे, हिरव्या फांद्यांमधल्या वाटा. डेल काचेच्या गोळ्यात स्वतःचं तोंड बघतो ते दृश्य थांबवून बघा. फुगीर काचेत नाक भलंमोठं दिसतं आणि कान मागे आक्रसतात. तो जवळ सरकला की नाक आणखी फुगतं. म्हणजे चित्रकाराला एकाच हालचालीची दोन चित्रं काढावी लागतात, एक खरं आणि एक बिघडलेलं, आणि बिघाडही प्रत्येक वेळी हिशेबानं. बिघाडाचं प्रमाण एका चित्रात चुकलं तरी प्रतिबिंब थरथरतं आणि काच काच वाटत नाही.

खोडीचा सगळा जोर एका गोष्टीवर आहे. आपल्याला खरं माहीत आहे, प्लुटोला माहीत आहे, मिकीला नाही. आणि प्लुटोला बोलता येत नाही! त्याच्याकडे भुंकणं, गुरगुरणं आणि बोट दाखवावं तसं नाक रोखणं, एवढंच. डेल सांताच्या आकाराच्या मेणबत्त्यांमध्ये तसाच सांता होऊन उभा राहतो आणि मिकी बाकीच्यांबरोबर त्यालाही पेटवतो. एरवी पात्र अगदी गोठलं की पडद्यावर मेल्यासारखं दिसतं, म्हणून चित्रकार त्याला किंचित तरी हलतं ठेवतात. इथे तोच दोष कामाला येतो.

हे सगळं हातानं काढलेलं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सात मिनिटांना १०,०८०. साध्या हालचालीत एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, धावपळीत फ्रेमगणिक नवं चित्र लागतं. कागदावरची रेष सेलच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्याच्या, पुढच्या बाजूला शाईनं उतरवायची आणि रंग मागून भरायचा, म्हणजे रेष स्वच्छ राहते. मिकी एका सेलवर, प्लुटो दुसऱ्या, चिपमंक तिसऱ्या. यात एक फसगत आहे. सेल पारदर्शक दिसला तरी थोडा उजेड खातो. थर वाढले की खालचे रंग मंदावतात. एखादं पात्र मध्येच निघून गेलं आणि त्याचा सेल काढून घेतला, तर मागची भिंत एकदम उजळ होऊन चमकते. म्हणून त्या जागी कोरा सेल ठेवतात आणि थरांची संख्या शेवटपर्यंत तेवढीच राखतात.

टेक्निकलर या रंगीत चित्रपटाच्या पद्धतीसाठी त्या काळी डिस्नेत प्रत्येक फ्रेम तीनदा टिपत, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून. हिशेब ३०,२४० वर गेला. त्या तीन टिपणांच्या मधे सेल केसभर जरी सरकला, तरी रेषेच्या कडेला परका रंग डोकावतो.

चिपमंकचा तो चिवचिवाट म्हणजे माणसाचाच आवाज, वेग वाढवून वाजवलेला. वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक चढतो, पण शब्दही निम्म्या वेळात उरकतात. त्यामुळे बोलणाऱ्यानं रेकॉर्डिंगला संथ आणि शब्द सुटे करून बोलायचं असतं. नेहमीच्या गतीनं बोललेलं वाक्य नुसती किलबिल होतं.

शेवटी प्लुटोचा संयम सुटतो आणि झाडाचा पार चुराडा होतो. मिकी रागावतो, मग त्याला त्या फांद्यांत दोघं सापडतात आणि राग तिथेच विरतो. मला हे फार आवडतं, कारण प्लुटोचं खरं निघालं हे कोणी मोठ्यानं म्हणत नाही. बाहेर मिनी, डोनाल्ड आणि गूफी नाताळचं गाणं म्हणत असतात, प्लुटो सूर धरून रडका आलाप लावतो, आणि चिप-डेल त्याच्या तोंडावर ‘नाताळपर्यंत उघडू नये’ अशी चिठ्ठी चिकटवतात.

या कार्टूनच्या चित्रकारांत फ्रेड मूर यांचं नाव आहे. मिकीच्या डोळ्यांत बुबुळं आली ती १९३०च्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या हातून. कार्टून प्रदर्शित झाल्यावर दोनच दिवसांनी, २३ नोव्हेंबर १९५२ रोजी, ते वारले. वय ४१. सांताच्या मेणबत्त्या पेटवणारा मिकी या नाताळात बघाल तेव्हा त्याचे गाल बघा. हसला की कसे मऊ दबतात आणि फुगतात, ती मूर यांची ओळख.