रिकाम्या खुर्चीतली मुलगी

संध्याकाळ झालीय, दिवा अजून लावलेला नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीत त्यांना एक लहान मुलगी दिसते. बोलत नाही, हलत नाही. आज चौथा दिवस. घरात त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. वेड लागलं म्हणतील, ही धास्ती.

त्यांना पार्किन्सन आहे. पार्किन्सन म्हटलं की थरथरणारा हात आठवतो. पण आजार जुना होतो तसे अनेकांना भास होऊ लागतात. आधी पाठीशी कुणी उभं असल्यासारखं वाटतं, डोळ्याच्या कडेनं मांजर सरकून जातं. पुढे कधी संशय डोकं वर काढतो, तोही जन्माच्या जोडीदारावर. त्या जोडीदाराचे हाल कुणी विचारत नाही.

यात मेंदूतल्या बिघाडाचा वाटा आहे, तसा औषधांचाही. शरीर हलतं राहावं म्हणून डोपामिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन, वाढवायचं, तर तेच भासांना खतपाणी घालतं. आणि भासांवरची बहुतेक औषधं डोपामिनच अडवतात. भास थांबवायला जावं तर माणूस जागच्या जागी थिजतो. म्हणून भासांवर एरवी देतात ते हॅलोपेरिडॉल इथे नकोच. ओलान्झपिन, रिस्पेरिडोनही टाळतात. अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तर ‘पार्किन्सन आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

जाणता डॉक्टर लगेच नवी गोळी लिहीत नाही. लघवीचा संसर्ग आहे का, अंगात पाणी कमी पडलंय का, ते आधी बघतो. मग चालू गोळ्यांतली ट्रायहेक्सिफेनिडिल, अमांटाडिन अशी औषधं हळूहळू उतरवतो. लिव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाला हात लावायचा तो शेवटी. घरच्यांनी परस्पर काहीही बंद करू नये.

एवढ्यानं भागलं नाही, तर क्लोझापिन. स्किझोफ्रेनियात ते शेकडो मिलिग्रॅम देतात. इथे दिवसाला ५० किंवा त्याहून कमी पुरतं, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसलं. चालणं-फिरणंही बिघडलं नाही. मात्र पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं. ही यातायात टाळायला बरेचदा क्वेटियापिन देतात, पण त्याचा पुरावा तितका भक्कम नाही. पिमाव्हॅनसेरिनला अमेरिकेत २०१६ साली मंजुरी मिळाली. ते डोपामिन न अडवता सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या वाटेनं काम करतं. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून तोलूनमापूनच द्यायची.

पाचव्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं वाद घातला नाही. उठून दिवा लावला, शेजारी बसली आणि विचारलं, “अजून दिसतेय?”