गल्ला मोठा, नफा किती? गोल्फपटूच्या बक्षिसाचा हिशेब

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर करंडक दिला जातो आणि खालच्या पट्टीत आकडा झळकतो. प्लेअर्स चॅम्पियनशिप असेल तर ४५ लाख डॉलर. एकूण बक्षीस अडीच कोटी, त्यातले १८ टक्के विजेत्याचे. आपण सोफ्यावर बसल्याबसल्या ठरवून टाकतो, की चार दिवसांत या माणसानं आयुष्याचं भलं करून घेतलं. मंडळी, हा दुकानाचा गल्ला आहे. नफा वेगळा. खर्च, कॅडीचा वाटा आणि कर गेल्यावर काय उरतं, ते आजच्या व्याख्यानात बघू.

अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचा, म्हणजे व्यावसायिक गोल्फस्पर्धांच्या मालिकेतला खेळाडू कुणाच्या नोकरीत नसतो. पगार नाही, विमान, हॉटेल, प्रशिक्षक, फिजिओ, सगळं पदरचं. नेहमीच्या स्पर्धेत ३६ होल, म्हणजे दोन दिवसांचा खेळ झाला की पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीतले पुढे जातात (या गाळणीला ‘कट’ म्हणतात), बाकीचे शुक्रवारी रात्री बॅगा भरतात. त्यांचं बक्षीस शून्य. २०२३पासून टूरवरचं स्थान पक्कं नसलेल्या सदस्यांना कट हुकल्यावर ५,००० डॉलर प्रवासभत्ता सुरू झाला. त्याआधी तेवढंही नव्हतं.

बरोबरीचा नियम तर बघाच. दुसऱ्याला १०.९ टक्के, तिसऱ्याला ६.९, चौथ्याला ४.९. तिघे दुसऱ्या क्रमांकावर अडकले तर या तिन्ही वाट्यांची बेरीज करून तीन भाग. एकूण बक्षीस ८० लाख धरा. एकटा दुसरा आला असता तर ८ लाख ७२ हजार. शेवटच्या होलवर चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याचा हलका फटका, कडेला लागून बाहेर आला आणि तिघांत वाटणी झाली, तर ६ लाख ५ हजार. चार फुटांना पावणेतीन लाख! तुम्ही हसताय, पण तो पट मारणाऱ्याला हे गणित पाठ असतं.

आता कॅडी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोकांना वाटतं कॅडी म्हणजे बॅग उचलणारा. अंतरं मोजणं, वारा बघणं, ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताचा उतार वाचणं आणि मुख्य म्हणजे ‘हा क्लब (म्हणजे ही काठी) नको’ असं योग्य वेळी म्हणणं, हे त्याचं काम. रिवाज असा: आठवड्याचे साधारण दीड-दोन हजार डॉलर ठरलेले, शिवाय कट पार झाला तर बक्षिसाचे ५ टक्के, पहिल्या दहांत आला तर ७, जिंकला तर १०. लेखी नियम नाही, ज्यानं त्यानं ठरवायचं. आणि नेमकं इथंच घोडं पेंड खातं.

नोव्हेंबर २०१८, मेक्सिकोतली मायाकोबा स्पर्धा. अमेरिकी गोल्फपटू मॅट कुचरचा नेहमीचा कॅडी उपलब्ध नव्हता, म्हणून त्यानं तिथल्याच मैदानावरचा एक स्थानिक कॅडी घेतला. कुचर चार वर्षांहून अधिक काळ टूरवर जिंकला नव्हता. तो इथं जिंकला! बक्षीस १२ लाख ९६ हजार. कॅडीला किती? ५,०००. दहा टक्क्यांच्या हिशेबानं १ लाख २९ हजार ६०० झाले असते. जानेवारीत बोभाटा झाला. कुचरचं म्हणणं, आधी ठरलं होतं त्यापेक्षा जास्तच दिलं, आणि दिवसाला २०० डॉलर मिळवणाऱ्याला आठवड्याचे ५,००० ही मोठीच रक्कम आहे. कागदावर खोटं नव्हतं, पण बोलायचं नसतं. फेब्रुवारीत त्यानं माफी मागितली आणि एकूण ५० हजार पुरे केले. माझ्या मते त्याचा गुन्हा कंजूषपणाचा कमी आणि आधी नीट न ठरवण्याचा जास्त. ‘जिंकलो तर काय?’ हा प्रश्न सोमवारी विचारायचा असतो, रविवारी नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे: पाच मिनिटं. म्हणजे ज्या करांसाठी तुम्ही आलात, ते पाच मिनिटांत. चला.

वर्षाची बक्षिसं १० लाख डॉलर धरू. पंचवीस आठवडे खेळला. कॅडीचे ठरलेले ५० हजार आणि टक्केवारीचे ७० हजार. प्रवास-मुक्काम आठवड्याला चार हजार, म्हणजे एक लाख. प्रशिक्षक, फिजिओ, हिशेबनीस मिळून ६० हजार. उरले ७ लाख २० हजार. स्वतंत्र व्यावसायिक असल्यामुळे हा खर्च तरी वजा होतो. पगारी खेळाडूंची तशी सवलत २०१७च्या कायद्यानं काढून घेतली. अविवाहित माणूस, २०२४चे दर: सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (सरकारी निवृत्तिवेतन आणि म्हातारपणीचा आरोग्यविमा) मालक आणि नोकर अशा दोन्ही बाजूंचा हिस्सा यालाच भरायचा, साधारण ४४ हजार. केंद्रीय आयकर सव्वादोन लाखांच्या आत, वरचा दर ३७ टक्के.

मग राज्यं. जिथं जिंकलं त्या राज्याचा कर. कॅलिफोर्नियाचा वरचा दर १३.३ टक्के, आणि टोरी पाइन्स, पेबल बीच, रिव्हिएरा ही टूरची मैदानं सगळी तिथंच. फ्लोरिडा, टेक्सासमध्ये शून्य. म्हणून गोल्फपटू फ्लोरिडात घर घेतात, पण त्यानं कॅलिफोर्नियातल्या बक्षिसावरचा कर चुकत नाही. राज्यांचे २० हजार धरा. हातात उरले जेमतेम साडेचार लाख.

परदेशी खेळाडूचं आणखी वेगळं: आधी अमेरिकी करखात्याशी करार केला नाही तर एकूण बक्षिसातून थेट ३० टक्के कापले जातात, खर्च वजा न करता. उलट अमेरिकी खेळाडूला केंद्राचा कर आपणहून भरायचा असतो. हप्त्यांच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. मार्चमध्ये मोठा चेक आला, उन्हाळ्यात ओळीनं सहा कट हुकले, की सप्टेंबरचा हप्ता भरायला पैसे नसतात. म्हणून चेक आला त्याच दिवशी चाळीस टक्के वेगळ्या खात्यात टाकायचे.

जाहिरातींचं राहिलंच. त्यात एजंटचा वाटा आला, आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणारा स्पॅनिश गोल्फपटू सर्जिओ गार्सिया याचा २०१३चा खटला आला. गोल्फचं साहित्य बनवणाऱ्या टेलरमेड कंपनीच्या पैशांतला ६५ टक्के भाग रॉयल्टी, म्हणजे नाव आणि चेहरा वापरण्याचे पैसे, आणि ३५ टक्के सेवेचा मोबदला, असं करन्यायालयानं ठरवलं, आणि स्वित्झर्लंडशी असलेल्या करारामुळे रॉयल्टीवर अमेरिकेत कर लागला नाही. बाकी प्रश्नोत्तरांत.