मित्राने टाकलेला शब्द

बातमी संपली की खाली फेसबुकचं एक निळं बटण असायचं. त्यावर उंचावलेला अंगठा, शेजारी तीन छोटे चेहरे. एक तुमच्या कॉलेजातला, एक मावसबहीण, एक जुन्या ऑफिसातला. या तिघांना ही बातमी आवडली आहे. शेजारच्या घरात कुणी तीच बातमी उघडली, तर तिथे चेहरे वेगळे. बातमी एकच, शिफारस मात्र ज्याच्या त्याच्या माणसांची.

याची सुरुवात २१ एप्रिल २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाली. फेसबुकच्या आत लाइकचं बटण आधीच, फेब्रुवारी २००९ पासून होतं. त्या दिवशी फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी ते सगळ्या वेबसाठी खुलं केलं. कोडच्या काही ओळी टाकल्या की कुणाच्याही साइटवर हा अंगठा लागणार. जीन्स विकणाऱ्या लिव्हाइसने तर ऑनलाइन दुकानच असं थाटलं, की मित्रांना आवडलेल्या जीन्स आपल्यासमोर याव्यात. कपडे घ्यायला जाताना आपण मैत्रिणीला सोबत नेतो ना, अगदी तसंच.

दुसऱ्याची पसंती आपल्याला किती ओढते? अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी, ऐकणारे १४ हजारांहून जास्त. काहींना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांचे आठ गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दाखवला. आठही गटांत गाणी तीच, पण वर आलेली गाणी गटागटात वेगळी. आणि हे आकडे तर अनोळखी माणसांचे होते. तिथे आकड्याऐवजी मावसबहिणीचा चेहरा असेल तर?

मराठीत आपण म्हणतो, ‘जरा माझ्यासाठी शब्द टाक.’ नोकरीसाठी, सोयरिकीसाठी, डॉक्टरची वेळ मिळावी म्हणून. शब्द टाकणारा आधी विचार करतो: कुणाकडे टाकायचा, कशासाठी, आणि उद्या बोल लागला तर? त्या शब्दाला वजन येतं ते या विचारामुळे.

जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने ‘स्पॉन्सर्ड स्टोरीज’ आणल्या. तुम्ही एखाद्या दुकानाला लाइक दिलं, की ते दुकान पैसे भरून तुमचं नाव आणि फोटो तुमच्याच मित्रांना जाहिरातीत दाखवू शकत होतं. तुम्हाला न विचारता. शब्द तुमचा, टाकला दुसऱ्याने, पैसे घेतले तिसऱ्याने. मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. कॅलिफोर्नियात लोक कोर्टात गेले. २०१३ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. दावा करणाऱ्यांच्या वाट्याला आले माणशी १५ डॉलर. पुढच्या वर्षी या जाहिराती बंद झाल्या.

पण ज्यांनी बटण कधी दाबलंच नाही, त्यांचं काय? ते बटण त्या साइटचं नसायचंच. पान उघडताक्षणी ब्राउझर ते फेसबुककडून मागवायचा, आणि मागवताना कुठलं पान उघडलंय ते सांगून बसायचा. तुम्ही फेसबुकवर नसलात तरीही. जर्मनीतल्या फॅशन आयडी या कपड्यांच्या साइटवरून हा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयात पोचला. २९ जुलै २०१९ रोजी निकाल आला: बटण लावणारी साइटही ही माहिती गोळा करण्यात आणि पाठवण्यात जबाबदार आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने जाहीर केलं, की बाहेरच्या साइटवरचं हे बटण १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद. साइटवाल्यांनी कोड काढला नाही तरी चालेल. बटणाच्या जागी उरेल शून्य बाय शून्य पिक्सेलचा, डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका.

आता तीच बातमी मावसबहीण व्हॉट्सॲपवर पाठवते. सोबत एक ओळ असते: ‘हे वाच, तुझ्या कामाचं आहे.’