डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

नमस्कार, श्रोतेहो. खाण्याच्या विकारावर मदत घ्यायला उशीर होतो, तेव्हा बरेचदा एक समजूत आड येते: 'मी कुठे एवढी बारीक आहे? मला कसला आजार?' घरच्यांना तसंच वाटतं, कधी कधी डॉक्टरांनाही. पण बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून त्याची भरपाई करण्याचा विकार) किंवा अनावर खाण्याचा विकार असलेल्या अनेकांचं वजन चारचौघांसारखं असतं, नाहीतर जास्तच. पुरुषांवर तर शंकाही येत नाही. व्यायामाचं वेड म्हणून सोडून देतात. त्यातून वजन उतरलं की वाहवा होते. ज्याची वाहवा होतेय त्याची तक्रार करायची कशी?

म्हणून दवाखान्यात वजनापासून सुरुवात करू नका. कागदावर चार ओळी लिहून न्या: आठवड्यात किती वेळा जेवण टाळलं, किती वेळा खाणं हाताबाहेर गेलं, मुद्दाम उलटी केली का, जुलाबाची औषधं घेतली का, चक्कर येते का, पाळी चुकते का. सांगायला जीभ रेटली नाही, तर कागद पुढे करा. नाहीतर बोलणं 'ॲसिडिटी होते' इथेच अडतं आणि ॲसिडिटीचीच गोळी हातात पडते.

उलट्या-जुलाब वारंवार होत असतील तर रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्या, कारण पोटॅशियम घटलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. मात्र रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही, असं मुळीच नाही. शुद्ध हरपली, छातीत धडधडू लागलं किंवा जीव नकोसा वाटला, तर थेट इमर्जन्सी गाठा. आणि बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला मायेपोटी एकदम भरपेट वाढू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवायचं.

घरच्यांनी ताटावर आणि अंगावर शेरे मारू नयेत. 'जेवल्यावर तू बराच वेळ बाथरूममध्ये असतेस, मला काळजी वाटते,' असं डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच बोला, तेही जेवणाची वेळ सोडून. 'मला काही झालेलं नाही' असं उत्तर आलं तर हुज्जत घालू नका. काही दिवसांनी पुन्हा विषय काढा, अपॉइंटमेंट घ्या, सोबत जा. किशोरवयीन मुलांच्या एका उपचारपद्धतीत तर सुरुवातीला जेवणाची सूत्रं पालकांच्याच हाती देतात. दोष कुणाचा, हा प्रश्न तिथे बाजूला ठेवलेला असतो.

'नीट जेवत जा' एवढंच सांगून कुणी परत पाठवलं, तर तोच कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.