सीमेपलीकडचं पेट्रोल

श्रोतेहो, नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या छोट्या देशात रस्त्याकडेला फळीवर पेट्रोलने भरलेल्या मोठाल्या काचेच्या बरण्या मांडलेल्या दिसतात. मोटारसायकल थांबते, विकणारी बाई नरसाळ्यावर फडकं धरून पेट्रोल गाळून टाकीत ओतते, पैसे घेते. पावती नाही, कर नाही. या पेट्रोलला तिथे ‘क्पायो’ म्हणतात, म्हणजे अस्सल नव्हे ते. येतं शेजारच्या नायजेरियातून.

नायजेरियात तेल निघतं, आणि तिथलं सरकार वर्षानुवर्षं पेट्रोलवर अनुदान देत होतं. त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंच्या भावांत मोठी तफावत. पण नुसत्या तफावतीवर धंदा उभा राहत नाही, त्याला भरवसा लागतो. ही सीमा 1889 मध्ये इंग्रज आणि फ्रेंचांनी ठरवली आणि योरुबा लोक दोन देशांत वाटले गेले. भाषा तीच राहिली, सोयरीकही तीच. उधारीवर माल देणारा पलीकडचा माणूस परका नसतो. इकडचं चलन सीएफए फ्रँक, तिकडचं नायरा. ते बदलून देणारेही सीमेवरच बसलेले. सरकारांचे व्यापार करार झाले नंतर. बाजार या लोकांनी त्याच्या कितीतरी आधी जोडला होता, असं मला वाटतं.

बेनिनच्या कोटोनू बंदरात उतरलेला तांदूळ आणि जुन्या मोटारी उलट दिशेने नायजेरियात जातात. तांदळाची ही चोरटी आवक थांबवायला नायजेरियाने ऑगस्ट 2019 मध्ये जमिनीवरच्या सीमा बंद केल्या. डिसेंबर 2020 पर्यंत त्या उघडल्या नाहीत, आणि मधल्या काळात बेनिनच्या शेतकऱ्यांचे टोमॅटो, अननस सडले. त्यांचा तांदळाशी काय संबंध होता?

मग 29 मे 2023 उजाडला. नवे अध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचं सांगितलं. नायजेरियात पेट्रोल जवळपास तिप्पट महागलं आणि बेनिनच्या बरण्यांतलाही भाव लगोलग भडकला. नायजेरियात त्या बाईला मत नव्हतं, पण तिथल्या निर्णयाने तिची चूल हलली. तिला तस्कर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

हा धंदा जिवावरचा आहे. 23 सप्टेंबर 2023 ला सीमेजवळच्या सेमे-क्राकेमध्ये अशाच पेट्रोलच्या एका गुदामाला आग लागली आणि किमान 34 माणसं गेली. मोटारी, मोटारसायकली, तीनचाकी गाड्या, सगळ्या तिथेच पेट्रोल भरायला येत असत.