बंपरवरचं ऊन

[दृश्य: नेरुळ, सकाळचे सात. सिडकोच्या इमारतीसमोर उघड्यावर लावलेली गाडी.]

ही आमच्या घरची गाडी. अकरा वर्षं झाली. पत्र्याचा रंग अजून चांगला आहे, इंजिनाची तक्रार नाही. पण समोरून बघितली की थकलेली वाटते, कारण काळा बंपर राखेसारखा पांढुरका पडलाय. वायपरखालची जाळी, चाकांवरच्या कमानी, सगळ्यांची तीच गत.

आता मागे या. मागचा बंपर बघा. जवळजवळ नव्यासारखा काळा! गाडी तीच, प्लास्टिक तेच, वर्षंही तेवढीच. फरक त्या शिरीषाच्या झाडाचा. बाबा रोज गाडी एकाच जागी लावतात, पाठ सावलीत आणि तोंड उन्हात.

मे महिन्याच्या मध्यावर नवी मुंबईत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांतलं ऊन बंपरच्या वरच्या कडेवर सरळ पडतं. सगळ्यांत पांढरी तीच आहे.

[दृश्य: बंपरवरून फिरणारं बोट. बोटाला लागलेली करडी भुकटी. मग तांब्यातून ओतलेलं पाणी.]

आता नीट बघा. पाणी पडलं आणि बंपर क्षणात काळाभोर झाला. दोन मिनिटांत वाळला, पुन्हा करडा. म्हणजे काळा रंग उडालेलाच नाही.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात काजळीसारखं कार्बन ब्लॅक मिसळलेलं. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्या भेगांवर उजेड विखुरतो, म्हणून पांढरेपणा दिसतो. पाणी त्या भरून काढतं, तेवढ्यापुरता बंपर काळा. पण कार्बन ब्लॅक ते किरण वरच्या वर शोषून घेतं, त्यामुळे आतलं प्लास्टिक शाबूत राहतं. मला या गोष्टीचा फार आधार वाटला. बिघाड आहे तो वरच्या पातळ थरात.

खोबरेल तेलाचा बोळाही पाण्याचंच काम करतो, थोडा जास्त वेळ. आम्ही कितीतरी वर्षं तेच केलं. दोन दिवस चमक, मग पाम बीच रोडची सगळी धूळ त्या तेलाला चिकटून घरी यायची. एकदा धुवायला दिली तेव्हा पत्र्याचं पॉलिश प्लास्टिकवरही घासलं गेलं. ते प्लास्टिकच्या खरबरीत दाण्यादाण्यांत वाळून बसलं, त्याचे पांढरे डाग आजही आहेत.

[दृश्य: जुना दात घासायचा ब्रश, करडा फेस.]

म्हणून खरं काम धुण्याचं आहे. आधी शाम्पू, मग पाणी घालून सौम्य केलेलं क्लीनर, आणि आईने टाकून दिलेला हा ब्रश. गोल गोल, हलक्या हाताने, सावलीत. प्लास्टिक तापलेलं असेल तर क्लीनर घासायच्या आधीच वाळतं. पहिला फेस चिखलासारखा, दुसरा करडा, तिसरा जवळजवळ पांढरा. मगच थांबायचं. पाणी ओतून बघा: थेंब गोळा होत असतील तर जुनं तेल किंवा सिलिकॉन अजून आत आहे. पाणी चादरीसारखं सपाट पसरलं की झालं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडं करायचं. आम्हाला एका बंपरला दीड तास लागला.

[दृश्य: तुर्भ्याहून भंगारातून आणलेला बंपरचा तुकडा, हीट गन.]

हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. गरम हवा लागते आणि करड्यातून काळा रंग वर येतो. बघायला सुंदर आहे, मान्य. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि ही गन ५०० अंशांपर्यंत जाते. हात जरा रेंगाळला की दाणा सपाट होतो आणि तिथे कायमचा गुळगुळीत डाग राहतो, तो हा इथे. शेजारच्या रंगालाही झळ बसते. शिवाय कार्बन ब्लॅकखेरीज उन्हापासून वाचवणारं जे द्रव्य प्लास्टिकमध्ये होतं आणि वरच्या थरात संपलंय, ते काही परत येत नाही. आमच्या गाडीवर आम्ही हे केलं नाही.

[दृश्य: पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप, स्पंजवर चार थेंब.]

आम्ही ट्रिम कोटिंग वापरलं, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकवर लावायचा, वाळून बसणारा पातळ लेप. अगदी पातळ हात, जास्तीचं लगेच मायक्रोफायबरने टिपून घेतलं. मग चोवीस तास पाण्याचा थेंब नाही. पावसाआधीचा कोरडा रविवार यासाठीच निवडला.

[दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ.]

बाबा समोर आले, वाकले, वरच्या कडेवरून बोट फिरवलं. भुकटी लागली नाही.

"अरे, मागच्यासारखाच दिसायला लागला की!"

मग किल्ली घेतली, गाडी बाहेर काढली आणि त्याच जागी उलटी लावली. तोंड झाडाखाली.