पत्र चोरीला गेलं तर "जाऊ दे" म्हणू नका

नमस्कार मंडळी. आत्ता वर येताना लिफ्टपाशी तुमच्या पत्रपेट्या बघितल्या, निम्म्यांना कुलूपच नाहीये, आणि पेट्यांच्या वर पाकिटांचा गठ्ठा पडलाय, त्यात बँकेचं एक जाडजूड पाकीट आहे, चेकबुकच असणार, आणि खालून दिवसभर कोण कोण जातं येतं, कुणी उचललं तर कळणारपण नाही.

माझ्या मावशीचं चेकबुक असंच गेलं. ती म्हणाली, कागदच ना, बँक दुसरं देईल. आणि नेमकी इथेच चूक होते, कारण बँकेला कळवलंच नाही तर ते चेक चालूच राहतात.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून आयपीसी गेला, भारतीय न्याय संहिता आली. कलम 303, चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा दोषी ठरला तर किमान 1 वर्ष आणि 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हां, माल 5000 रुपयांच्या आतला असेल, पहिलीच वेळ असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. ऐकायला हलकं वाटतं ना? पण त्याच चेकवर खोटी सही केली की कलम 338 लागतं, तिथे 10 वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपसुद्धा.

दुसरं म्हणजे शेजाऱ्याचं पाकीट चुकून आपल्या पेटीत येतं. परत द्यायचं विसरलात तर तो गुन्हा नाही, पण कुणाचं आहे ते माहीत असून लबाडीने ठेवून घेतलं, वापरलं, तर कलम 314, किमान 6 महिने कैद, जास्तीत जास्त 2 वर्षं, वर दंड.

पोस्टाच्या माणसानेच पत्र लंपास केलं तर? 1898 च्या जुन्या पोस्ट कायद्यात कलम 52 होतं, 7 वर्षांपर्यंत शिक्षा. तो कायदा 18 जून 2024 ला गेला, नव्या कायद्यात ते कलम नाही, म्हणून काहींना वाटतं आता शिक्षाच नाही. तसं अजिबात नाही. सरकारी नोकराने विश्वासघात केला तर न्याय संहितेचं 316 (5) आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. कुरियरवाल्याला 316 (3), 7 वर्षांपर्यंत. आणि हे सांगताना मला वाईटही वाटतं, कारण आमचे पोस्टमनकाका भर पावसात चार मजले चढून पत्र हातात देतात.

मग करायचं काय, तर आधी पेटीला कुलूप लावा, आजच लावा. घर बदललंत की बँकेत, पॅनला, आधारला पत्ता बदला, आणि पोस्टात अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवून घ्या, कारण जुन्या घरी येणारं टपाल कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. महत्त्वाचे कागद साध्या टपालाने पाठवू नका. स्पीड पोस्टला 1 ऑक्टोबर 2025 पासून ओटीपी सांगून डिलिव्हरी घ्यायची सोय आहे, त्याचे 5 रुपये जास्त, वर जीएसटी, तेवढे द्या. सही केलेला कोरा चेक पाकिटात घालून तर कधीच पाठवू नका.

आणि गेलंच तर आधी बँकेला फोन, चेक थांबवा, कार्ड ब्लॉक करा. खात्यातून पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. मग पोलीस ठाण्यात तक्रार, ठाणं आपल्या हद्दीतलं नसलं तरी झिरो एफआयआर घ्यावीच लागते, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय तिथून उठू नका. मावशीने तेव्हा तक्रारच केली नव्हती, म्हणून पुढे बँकेत तिच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता.